लाल पाइपात पाणी असतं का? आमच्या सोसायटीच्या हायड्रंटच्या (आग विझवायच्या नळांच्या) कामाच्या नोंदी (पाथर्डी फाटा, नाशिक)

१४ मार्च २०२५, शुक्रवार, धुळवड

रंग खेळायला खाली गेलो नाही, आधी हे लिहून काढतोय नाहीतर दोन दिवसात सगळे विसरतील आणि मी पण विसरेन.

काल रात्री होळी पेटवून झाली, नैवेद्य झाला, लोक वर गेले, आणि अकराच्या सुमारास शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं वाळलेलं गवत पेटलं. ठिणगी आमच्या होळीची की पलीकडच्या, देव जाणे. आग मोठी नव्हती पण कंपाउंडला लागून आमच्या टू-व्हीलर उभ्या असतात. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, म्हंटलं चला, एवढा लाल पाइप फिरवलाय बिल्डिंगभर, आज कामाला येऊ दे. बी विंगच्या कोपऱ्यातल्या हायड्रंटला होज (जाड कापडी पाइप) लावला, नोझल लावला, चाक फिरवलं. पाणी आलं की राव! चांगली धार, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग दीड मिनिट झालं असेल नसेल, धार वाकली, मग नोझलच्या तोंडाशी आली, मग माझ्या चपलेवर.

शेवटी बादल्या, ओली गोणपाटं आणि समोरच्या बांधकामावरचा एक टँकर, यावर विझली. नुकसान म्हणाल तर एका स्कूटरची सीट. वॉचमन मामा मला म्हणतात, साहेब काटा तर साडेतीनच्या वर होता, मी रोज वहीत लिहितो. खरंच लिहितात, वही दाखवली, वर्षभर रोज "प्रेशर ओके".

हे डोक्यातून जाईना. काटा साडेतीनवर आणि पाणी दीड मिनिट?

१६ मार्च, रविवार

सकाळी पंप रूम. किल्ली शोधण्यात पाऊण तास, शेवटी ती झाडूवाल्या मावशींकडे निघाली कारण त्या तिथे फिनेल ठेवतात.

आधी आमच्याकडे काय काय आहे ते. पार्किंग अधिक अकरा मजले, दोन विंग, गच्ची जमिनीपासून साधारण ३६ मीटर. प्रत्येक विंगला चार इंची उभा पाइप म्हणजे राइजर, प्रत्येक मजल्यावर त्याला ६३ मिलिमीटरचा लँडिंग व्हॉल्व्ह आणि शेजारी होजचा डबा, जमिनीखालून बिल्डिंगभोवती एक रिंग लाइन आणि तिला बाहेरचे हायड्रंट. पंप रूममध्ये तीन पंप: मोठा इलेक्ट्रिक, तेवढाच मोठा डिझेल, आणि छोटा जॉकी, म्हणजे लाइनीतलं प्रेशर टिकवून धरणारा. मोठ्यांच्या पाटीवर मिनिटाला २२८० लिटर, जॉकीच्या पाटीवर १८०. खाली फायरची वेगळी टाकी, ड्रॉइंगवर ७५ हजार लिटर. गच्चीवर अजून १० हजारांची एक, ती राइजरला वरून जोडलेली.

पॅनलवर तिन्ही पंपांचे स्विच "ऑफ" ला. ऑटो नाही, मॅन्युअल नाही, ऑफ. का, तर म्हणे जॉकी सारखा चालू व्हायचा, आवाज यायचा, बिल यायचं, म्हणून आधीच्या कमिटीतल्या कोणीतरी बंद करून टाकला, आणि जॉकी बंद करताना बाकीचे दोघे पण झोपवले.

मग काटा साडेतीनवर कसा? याचं उत्तर जिन्यात बसून विचार करताना आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. दहा मीटर उंच पाण्याचा उभा खांब तळाशी जवळजवळ एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर देतो. आमचा राइजर ३६ मीटर, तो नुसता पाण्याने भरलेला असला तरी खालचा काटा साडेतीन-पावणेचार दाखवणारच, पंप असो नसो, मोटर जळालेली असो, काही फरक नाही. मामा वर्षभर बिल्डिंगची उंची लिहीत होते. अकराव्या मजल्यावर गेज लावून बघितला, काटा खुंटीवरून जेमतेम हलला. आणि खरं प्रेशर तर तिथेच लागतं, सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या व्हॉल्व्हला पाणी चालू असताना साडेतीन किलो मिळालं पाहिजे हा नियम आहे.

आणि पाइपातलं पाणी किती? चार इंची पाइपात मीटरला पावणेआठ-आठ लिटर मावतं. ३६ मीटरचे दोन राइजर, सगळे मिळून साधारण ५६५ लिटर. एक २० मिलिमीटरचा नोझल साडेतीन किलोवर मिनिटाला ५०० लिटरच्या आसपास फेकतो. प्रेशर उतरत जातं तशी धार मंदावते, म्हणून माझं दीड मिनिट. हिशोब चोख जुळला, दुर्दैवाने.

गच्चीवरच्या टाकीने खरं तर मदत करायला हवी होती. वर गेलो तर तिचा गेट व्हॉल्व्ह गंजून अडकलेला, दोन आटे उघडा फक्त. म्हणजे हळूहळू पाझरून राइजर भरलेला ठेवेल, पण खाली कोणी पाणी मागितलं तर देणार नाही.

डबे मोजले. २४ पैकी नोझल १५ मध्ये. बाकीचे ९ गेले, गनमेटल असतं, भंगारात चांगला भाव येतो. तीन डब्यांत झाडू, एकात वायपर, सातव्या मजल्यावर कोणाचे तरी ट्रेकिंगचे बूट. चार होज घडीवर चिरलेले, कारण बसवल्यापासून एकाच घडीत पडून आहेत, घडी कधी बदललीच नाही.

हे सगळं असताना जानेवारीचा बी फॉर्म "सर्व यंत्रणा चालू स्थितीत" असा सहीशिक्क्यासकट फाइलला आहे. २००६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा, त्यात लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला, यंत्रणा नीट असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या एजन्सीचा माणूस पंप रूमपर्यंत आला होता का, हे मामांना आठवत नाही. किल्ली फिनेलजवळ होती हे बघता नसावा.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

काम काहीच नाही. दुपारी पोरीला घेऊन जुन्या नाशकात रहाड (रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून उड्या मारायचा जुना हौद) बघायला गेलो. ती विचारते, बाबा कार्टूनमध्ये रस्त्यावर लाल ठेंगणा नळ असतो, गाडी धडकली की कारंजं उडतं, तो आपल्याकडे का नसतो.

परत येताना गाडीवर ओरडून ओरडून सांगितलं, इथे नीट लिहितो. तो नळ म्हणजे शहराच्या पाण्याच्या मोठ्या लाइनला वर काढलेलं तोंड. लाइनीत चोवीस तास प्रेशर, म्हणून बंबवाले आले की तोंड उघडायचं, पाणी हजर, आणि बंबाचा पंप ते अजून जोरात ढकलतो. जिथे बर्फ पडतो तिथे त्याचा खरा व्हॉल्व्ह जमिनीत खोल, गोठण्याच्या पातळीच्या खाली असतो आणि वरचा खांब रिकामा ठेवतात, वापरून झालं की आतलं पाणी आपोआप खाली निचरून जातं, नाहीतर गोठून फुटेल. म्हणजे तसल्या नळाला गाडी धडकली तर कारंजं उडायचं काम नाही, ते उबदार गावातल्या नळांचं. पोरगी थोडी नाराज झाली.

त्याच्याही आधी लंडनला लाकडी पाइप होते. आग लागली की रस्ता खणायचे, पाइपाला भोक पाडायचे, पाणी घ्यायचे आणि झालं की लाकडी गुट्टा ठोकून बंद. पुढच्या वेळी तोच गुट्टा उपटायचा. आजच्यासारखा खांबाचा हायड्रंट १८०१ च्या सुमाराचा, फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर फ्रेडरिक ग्राफ यांच्या नावावर धरतात. धरतात असं म्हणायचं कारण पेटंटचा कागदच नाही, १८३६ ला अमेरिकेचं पेटंट ऑफिस जळालं. हायड्रंटचा पुरावा आगीत गेला, यावर काय बोलायचं.

आता आपल्याकडे. गंगापूर धरण भरलेलं असलं तरी घरात नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, बाकी वेळ लाइन ढिली. अशा लाइनीवर रस्त्यात हायड्रंट उभा केला तर आगीने आधी पाण्याची वेळ विचारून लागावं लागेल. म्हणून बंब स्वतःच पाणी घेऊन येतो आणि मागे टँकर धावतात, आणि म्हणूनच उंच बिल्डिंगला स्वतःची टाकी, स्वतःचे पंप, स्वतःचा पाइप सक्तीचा. अमेरिकेत अख्खं शहर जे करतं ते इथे आमच्या पार्किंगखालच्या टाकीने करायचंय. बरं, भद्रकाली-सराफ बाजाराकडच्या लाकडी वाड्यांच्या बोळांतून रिक्षा निघत नाही, तिथे तर टाकी पण नाही आणि बंबाला वाट पण नाही, तो विषयच वेगळा.

रहाडीकडे बघताना मात्र एक डोक्यात बसलं. वर्षभर फळ्या टाकून माती टाकून बुजवलेली, वरून लोक चालतात, पण उघडायच्या दिवशी ती काठोकाठच पाहिजे, अर्धी रहाड कोणी बघितली का? फायरची टाकी अशीच. फक्त उघडायचा दिवस पंचांगात नसतो.

२३ मार्च, रविवार

टाकीचं झाकण उघडलं. टॉर्च, पट्टी, दोन माणसं वर आणि कोणीही आत उतरायचं नाही (बंद टाकीत माणूस गुदमरतो, हे कंपनीत शिकलोय, इथे लिहून ठेवतो).

पाणी चार फूट. टाकी पाच मीटर बाय पाच, खोली तीन मीटर, म्हणजे हातात ३० हजार लिटर, ७५ नाही. मोठा पंप पूर्ण चालला तर ७५ हजार जवळजवळ ३३ मिनिटं पुरतात, ३० हजार १३ मिनिटं. सिडकोहून बंब निघून, पाथर्डी फाट्याची गर्दी कापून, गेटमधल्या आडव्या लावलेल्या गाड्या हलवून, होज जोडून पाणी चालू होईपर्यंत तेरा मिनिटं कुठे गेली कळणार पण नाही.

पण पाणी कमी का? ड्रॉइंगप्रमाणे महापालिकेचं पाणी आणि टँकर आधी फायरच्या टाकीत पडतं, ती भरली की वरच्या काठावरून शेजारच्या घरगुती टाकीत सांडतं. डोकेबाज पद्धत आहे, फायरचं पाणी आपोआप आधी भरतं आणि बदलतं पण राहतं, शेवाळ धरत नाही. म्हणजे फायरची टाकी कमी असायचा प्रश्नच यायला नको. टॉर्च खाली मारला तर दोन टाक्यांच्या मधल्या भिंतीत, तळापासून फूटभर वर, कोअर कटिंगने पाडलेलं भोक, त्यातून दोन इंची पाइप. पलीकडे घरगुती टाकीत त्याला बॉल व्हॉल्व्ह, कायमचा उघडा.

मागे एका उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली तेव्हा केलंय. कोणी, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी सांगत नाही.

२५ मार्च, मंगळवार

रात्री मीटिंग. क्लब हाउसमध्ये पंचवीसेक जण, त्यातले निम्मे पार्किंगच्या भांडणासाठी आलेले.

मी भोक बुजवायचं म्हणालो आणि जे व्हायचं ते झालं. सी.ए. काकांचं म्हणणं, ४५ हजार लिटर नुसतं साठवून ठेवायचं आणि मे मध्ये टँकर विकत घ्यायचे, हा कुठला हिशोब. एक वहिनी म्हणाल्या आग लागेल तेव्हा लागेल, माझ्या घरी सकाळी सातला पाणी जातं ते आधी बघा. खोटं सांगत नाही, त्यांचं मला पटतं पण. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला अकराव्या मजल्याच्या धारेचं काय पडलंय, आणि नळ कोरडा पडला तर दुसरा काय नि अकरावा काय सारखाच.

मग सातव्या मजल्यावरचे रिटायर्ड काका उठले, एरवी मीटिंगला झोपतात. म्हणाले, त्या रात्री माझी नात त्या कंपाउंडला टेकून उभी होती. बसले. पुढे कोणी फार बोललं नाही.

ठरलं ते असं: भोक बुजवायचं, आणि घरगुती पाणी नक्की जातंय कुठे ते मी शोधून दाखवायचं. माझ्याच गळ्यात. नवीन एजन्सी घ्यायची, तीन कोटेशन. सेक्रेटरी दादांनी मिनिट्समध्ये "अग्निशमन यंत्रणा अद्ययावत करणे" लिहिलं, मी म्हंटलं दादा अद्ययावत नाही, चालू करणे लिहा.

३० मार्च, पाडवा

भोक बुजवलं. घरगुती टाकीकडून पाणी उतरवून नॉन-श्रिंक ग्राउट, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात. गुढी उभारून झाल्यावर फिटर भाऊ आला, श्रीखंड खाऊन गेला.

५ एप्रिल, शनिवार

नवीन एजन्सीची दोन पोरं आली, चांगली आहेत, हात काळे करतात. टाकी आता साडेनऊ फुटांवर. जॉकी ऑटोवर टाकला.

प्रेशर स्विचचं गणित: लाइन ८ किलोवर धरायची. गळती-बिळतीने ७ वर आली की जॉकी सुरू, ८ ला बंद. कोणी खरंच व्हॉल्व्ह उघडला तर जॉकीच्या १८० लिटरने काही होत नाही, काटा कोसळतो, ५.५ ला मोठा इलेक्ट्रिक सुरू. तो नाही झाला तर ४.५ ला डिझेल. म्हणजे माणसाने फक्त व्हॉल्व्ह उघडायचा, पंप रूममध्ये कोणी पळायची गरज नाही. आणि मोठे पंप आपोआप बंद होत नाहीत, ते हातानेच बंद करायचे, मुद्दाम तसं ठेवतात, आग चालू असताना पंपाने स्वतःहून ठरवू नये की आता बास.

काकांनी विचारलं आठच किलो का. अकराव्या मजल्याला साडेतीन हवेत, उंचीला साडेतीन-पावणेचार गेले, उरलेलं पाइप, वळणं आणि होज खातात. बेरीज करा.

जॉकी चालू केल्यावर बसून राहिलो चहा घेऊन. वीसेक सेकंद चालला, थांबला. बारा मिनिटांनी परत. परत बारा मिनिटांनी. म्हणजे आधीच्या कमिटीला आलेला वैताग खरा होता, जॉकी सारखा चालू व्हायचाच. पण जॉकी उगाच चालत नाही, तो ओरडून सांगत होता की पाणी कुठेतरी जातंय, आणि आपण त्याचंच तोंड बंद केलं.

हिशोब: १८० च्या पाटीचा पंप वीस सेकंद म्हणजे ६० लिटर, बारा मिनिटांनी एकदा, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७२०० लिटर. आता मजा बघा. पंप बंद होते तेव्हा ही गळती कोण भरत होतं? गच्चीवरची टाकी, त्या दोन आटे उघड्या व्हॉल्व्हमधून. आणि गच्चीवरची टाकी कोण भरतं? घरगुती पंप. प्रेशर कमी म्हणून गळती पण थोडी कमी धरू, तरी दिवसाला पाचेक हजार लिटर. महिनोन्महिने.

वहिनींचं सातला जाणारं पाणी कुठे जातं ते कळलं.

९ एप्रिल, बुधवार

गळती शोधायला यंत्र आणायची तयारी होती, लागलं नाही. माळी मामा सहज बोलले, बी विंगच्या मागे लॉनचा एक पट्टा आहे त्याला पाणी घालावं लागत नाही, चैत्रात पण हिरवागार, जमीन चांगली आहे तिथली. मी आणि एजन्सीचा पोरगा एकमेकांकडे बघतच राहिलो.

तीन फूट खणलं. काळी माती, चिखल, त्यात रिंग लाइन. एमएस (साध्या पोलादाचा) पाइप असा नुसता लाल रंग मारून पुरलेला, वरून टेप नाही की काही नाही. जमिनीत पुरताना त्याला कोटिंग-रॅपिंगची टेप गुंडाळतात, तो खर्च बिल्डरने वाचवलेला. तळाला टाचणीने पाडल्यासारखी दोन बारीक भोकं, आणि पाणी शेजारच्या पावसाळी चेंबरमध्ये निघून जायचं, म्हणून वर तळं कधी दिसलं नाही. पाइपाच्या सहा मीटरच्या दोन लांबी बदलल्या, हेवी क्लासच्या, वेल्डिंग, प्रायमर, टेप. बाकीची रिंग पण आज ना उद्या जाणार, तिचं वेगळं कोटेशन मागवलंय, आकडा बघून सेक्रेटरी दादा पाणी प्यायले.

रात्री जॉकी मोजला: दहा ते सहा, दोनदा.

माळी मामा नाराज, लॉन सुकणार म्हणून.

१२ एप्रिल, शनिवार

वीज. हे मी एकट्याने कधीच शोधलं नसतं, वायरमन दादांनी दाखवलं. आग लागली की पहिलं काम काय, बिल्डिंगचा मेन पाडायचा, नाहीतर पाणी मारणाऱ्यालाच शॉक. आमच्या फायर पंपाची केबल कुठून घेतलीय? मेन स्विचच्या नंतरून. म्हणजे मेन पाडला की पंप पण गप. खरं तर त्याची लाइन मेनच्या आधीच वेगळी काढायची असते, स्वतःचा स्विच, स्वतःची केबल, आणि शक्यतो अशा वाटेने की आगीत तीच आधी जळू नये. अर्ज केलाय, बघू.

तोपर्यंत डिझेल पंपाचा आधार, आणि त्याची बॅटरी पूर्ण मेलेली. चार्जरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावायचे, रात्रपाळीचा कोण ते विचारलं नाही. नवीन बॅटरी टाकली, चार्जरचं सॉकेटच काढून वायर थेट जोडून टाकली. डिझेल दुसऱ्या किकमध्ये सुरू झालं, काळा धूर, अख्ख्या पार्किंगला कळलं.

आता दर शनिवारी दहा मिनिटं डिझेल चालवायचं, वहीत नवीन रकाना. मामांच्या वहीत काट्याचे पण आता दोन रकाने: खालचा काटा आणि गच्चीवरचा काटा. खालचा एकटा काटा फसवतो.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. बाबासाहेबांची जयंती, संध्याकाळी मिरवणूक. आजच अग्निशमन सेवा दिन पण असतो, १९४४ ला याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीचा स्फोट झाला. बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा शेजारी शेजारी होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्यात गेले, म्हणून हा दिवस. आठवडाभर, २० पर्यंत, ठिकठिकाणी डेमो असतात. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन ऑफिसला जाऊन विचारून आलो, रविवारी आमच्याकडे कोणी येऊ शकेल का. हो म्हणाले.

२० एप्रिल, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

अग्निशमन दलातले एक साहेब आले, सोबत दोन जवान. साहेबांनी गेटपासून सुरुवात केली, पंप रूमकडे बघितलं पण नाही. विचारलं, इनलेट कुठाय. मी म्हंटलं कुठला इनलेट. त्यांनी बोगनवेल बाजूला केली, आत चार तोंडांचा लाल डबा, समोर एक बुलेट उभी. हे म्हणे आमचं दार. तुमचे पंप बंद पडले, टाकी संपली, काहीही झालं तरी आम्ही बंब इथे लावतो, चार होज जोडतो आणि आमच्या पंपाने तुमच्याच राइजरमधून अकराव्या मजल्यापर्यंत पाणी ढकलतो. अकरा मजले होज ओढत जिना चढायचा नाही. आत एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) असतो म्हणून पाणी उलटं बाहेर येत नाही. शेजारी दुसरं एक तोंड, टाकीतून बंबाला पाणी ओढून घ्यायचं. म्हणजे पाणी तुमचं, पंप आमचा, किंवा पाणी आमचं, पाइप तुमचा, जे शिल्लक असेल ते. बुलेटवाल्याला फोन केला, तो बारशाला गेला होता सिन्नरला.

मग टेस्ट. गच्चीवर दोन होज, दोन नोझल, जवान धरून. खाली मी गेजपाशी, फोनवर. पहिला व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, काटा आठवरून घसरला, जॉकी बोलला, त्याला झेपेना, काटा अजून खाली आणि साडेपाचला मोठा पंप असा दणकन उठला की पंप रूममधली फिनेलची बाटली पडली. दुसरा नोझल उघडला. वरून ओरडले, काटा चारच्या आसपास, स्थिर! धार कंपाउंडच्या पार, त्याच जळक्या गवताच्या प्लॉटवर.

मला रडू यायचं बाकी होतं, पंपाच्या आवाजात कोणाला कळलं नसतं.

मग साहेब म्हणाले आता खाली करू, आणि मलाच पुढे केलं. खालच्या हायड्रंटला पूर्ण आठ किलो. त्यांनी आधीच सांगितलं, चाक पाव फेरापेक्षा जास्त नको, आणि मागे जवान उभा ठेवला. २० मिलिमीटरच्या नोझलला साडेतीन किलोवर मागे साधारण २२ किलोचा धक्का बसतो, माणूस तोल सांभाळून धरू शकतो. आठ किलोवर तोच धक्का पन्नासच्या आसपास. सिमेंटची पोती उचलणारा असला तरी ते पोतं सतत छातीवर ढकलत असेल तर काय होईल बघा. हातातून सुटला की होज सापासारखा फटके मारतो, पितळी तोंडासकट. आणि व्हॉल्व्ह झटकन बंद पण करायचा नाही, पळणारं पाणी एकदम अडलं की पाइपात हातोडा बसतो, सांधे निखळतात. म्हणून खालच्या मजल्यांना व्हॉल्व्हमध्ये भोकाची चकती टाकून प्रेशर कमी करायचं, हे काम लिहून घेतलं. होळीच्या रात्री पंप चालू असते तर एकट्याने भसकन चाक फिरवणारा मी कुठे पडलो असतो, हा विचार तेव्हा आला.

कोणीतरी विचारलं मग घरातल्यांनी काय वापरायचं. साहेबांनी हायड्रंटला हातच लावू नका म्हणून सांगितलं, ज्याने कधी धरला नाही त्याने नाही. घरातल्यांसाठी तो गोल फिरणारा होज रील, बारीक रबरी पाइप, ३० मीटर. मिनिटाला तीस-चाळीस लिटरच पाणी, पण एका हाताने धरता येतो, आणि आग पहिल्या दोन मिनिटांतली असेल तर तेवढं पुरतं. विजेच्या आगीवर आणि तेलाच्या कढईवर तो पण नाही. आणि आधी १०१ ला फोन, मग शौर्य.

फ्लॅटबद्दल एकच प्रश्न विचारून गेले, जिन्यातलं फायर डोअर विटा लावून उघडं कोण ठेवतं? सगळे बुटांकडे बघायला लागले.

२७ एप्रिल, रविवार

इनलेटसमोर पिवळे पट्टे, बोगनवेल छाटली. बुलेटवाला भाऊ स्वतः रंगवायला आला. ९ नोझल नवीन, चार होज नवीन. नोझल आता डब्यात साखळीने, तरी चोरणारा चोरेलच. होजची घडी दर तीन महिन्यांनी बदलायची.

११ मे, रविवार

होज रीलचा सराव. पुरुष मंडळी तीन, बाया अठरा, पोरं अगणित. वहिनी (पाणी सातला जाणाऱ्या) पहिल्या नंबरला, व्हॉल्व्ह आधी उघडायचा मग पाइप ओढायचा हे त्यांनीच सगळ्यांना दोनदा सांगितलं. पाणी आता जात नाही म्हणाल्या, नऊपर्यंत असतं. टँकर या महिन्यात अजून एकही मागवलेला नाही, हे सी.ए. काकांनी स्वतः बोर्डावर लिहिलं, कारण मात्र लिहिलं नाही, अवकाळी पावसाला श्रेय दिलं.

८ जून, रविवार

राहिलेलं: वेगळ्या विजेच्या लाइनचा अर्ज अजून टेबलावरच. चकत्या आल्यात, पहिल्या चार मजल्यांना बसवल्या. रिंग लाइनच्या कोटेशनवर मीटिंग पावसाळ्यानंतर. जुलैचा बी फॉर्म, या वेळी एजन्सीच्या पोरांसोबत मी स्वतः २४ डबे उघडणार.

टाकी दहा फुटांना दोन बोटं कमी. रात्रीचा जॉकी एकदा. वरचा काटा साडेचार, खालचा आठ. सातव्या मजल्याच्या डब्यात परत बूट, या वेळी ओले.